नुस्ख्यांच्या वहीतल्या चार कोऱ्या ओळी

पहिला आठवडाभर दस्तगीर सरांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही आणा म्हणाले. नांदेडच्या त्या वर्गात यंत्रं तीन होती आणि शिकणारे बावीस. एकेकाच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम दीड तास यायचा, तोही दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून. "मशीनसमोर बसून इचार करायचा न्हाई," सर सांगत. "इचार घरी करायचा, वहीत करायचा. मशीन फक्त हाव का न्हाई एवढंच सांगायला हाय." सर मूळचे उदगीरकडचे. घरात दक्खिनी, वर्गात मराठी, आणि चिडले की दोन्हींची खिचडी. प्रोग्रामातल्या ज्या चार-सहा ओळी पुन्हा पुन्हा लागतात, यंत्र सुरळीत चालावं म्हणून ज्या बारीकसारीक गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात, त्या सगळ्यांना ते नुस्खे म्हणत, हकीम लिहून देतो तसे. आणि नुस्खा लिहायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी काय बिघडलं ते लिहायचं, मग काय केल्यावर चाललं ते. "नुसतं चाललेलं लिवून ठिवलं तर ती वही न्हाई, ताईत हाय. गळ्यात बांधून फिरा मग."

माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा भारी तोरा होता. बिघडलेलं लिहायचं म्हणजे घाईघाईनं, खाडाखोड करत लिहावं लागतं आणि सगळं पान घाण दिसतं. म्हणून मी माझ्यापुरती एक तोड काढली. प्रत्येक नुस्ख्याच्या वर 'काय बिघडलं' एवढं लिहून खाली चार ओळी कोऱ्या सोडायच्या, आणि त्यांच्याखाली चाललेल्या ओळी निळ्या शाईनं, मोत्यासारख्या. कोऱ्या ओळी सवडीनं भरू म्हटलं. सवड काही झाली नाही. वर्ष संपताना सरांनी सगळ्यांच्या वह्या चाळल्या. माझी जरा जास्तच वेळ हातात धरली आणि म्हणाले, "शिवलीला, तुझ्या वहीत रिकामी जागा लई हाय." मला ते टापटिपीचं कौतुक वाटलं. मी मावशीलाही तसंच सांगितलं.

नांदेडला मी मावशीकडे राहत होते. रेल्वेच्या रुळांपासून घर लांब नव्हतं, त्यामुळे डबे जोडताना होणारा धडधडाट रात्रंदिवस कानावर असायचा, आणि पहाटे वारा बरा असला तर गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन. मावशी येसर मसाल्याची आमटी करायची. ती इतकी झणझणीत असायची की मी पुस्तक एका हातात आणि तांब्या दुसऱ्या हातात घेऊन जेवत असे. नुस्खे गोळा करायचं वेड मला तिथंच लागलं. इतर मुली रिबिनी नि सिनेमांच्या गाण्यांची पुस्तकं जमवत, मी हे जमवत असे. पुढच्या वर्गातल्या मुलांकडून, जाडजूड इंग्रजी पुस्तकांच्या शेवटच्या पानांवरून, कुठून कुठून. एकदा प्रिंटर दुरुस्त करायला हैदराबादहून एक माणूस आला होता. त्याला मावशीचे चार धपाटे दिले आणि त्या बदल्यात एक नुस्खा मिळवला. प्रिंटरला आधी अमुक एक अंक पाठवला की अक्षर बारीक होतं आणि रुंद तक्ता अरुंद कागदावर बसतो. धपाटे गेल्याचं मावशीला समजलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याला एकच? माझे धपाटे काय फुकटचे हायत का?" आमच्या घराण्यात व्यवहार सगळ्यांनाच कळतो.

लातूरला परत आले ते वर्ष दुष्काळाचं. जिल्हा नवा होता, उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्यांच्या भिंतींना रंगाचा वास होता, दारावरच्या पाट्या कोऱ्या करकरीत, आणि खेड्यातली म्हातारी माणसं मात्र अजून कामासाठी उस्मानाबादची एसटी पकडत आणि तिथून परत पाठवली जात. आमचं भांड्यांचं दुकान होतं, पितळेचं आणि तांब्याचं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मात प्लास्टिकला शिवलं नव्हतं. पण टँकरच्या गर्दीत पितळेचा हंडा घेऊन कुठली बाई पळणार? त्या साली दुकानाच्या दारात रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची माळ लटकली आणि अण्णा आतल्या अंधारात, पितळेच्या परातींमध्ये, तिच्याकडे पाठ करून बसू लागले. घरी नळ आठवड्यातून एकदा यायचा. आईनं पाण्याची उतरंड लावून दिली होती. परातीत बसून अंघोळ करायची, त्या पाण्यात कपडे भिजवायचे, त्यातून उरेल ते मोरीला. अण्णांच्या लिंगपूजेचा तेवढा एक लहान तांब्या सोवळा राहायचा, आणि तेही पाणी शेवटी बेलाच्या रोपाच्या मुळाशी जायचं. आईनं यातलं काही कधी लिहून ठेवलं नाही. तिच्या सगळ्या युक्त्या तिच्या हातात होत्या, आणि एखादी फसली तर कुठं फसली ते ती आल्यागेल्याला हसून सांगायची.

मला नव्या जिल्ह्याच्या एका कार्यालयात रोजंदारीवर काम मिळालं. तिथं एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यासाठी काचेची खोली केली होती. सबंध इमारतीत गार हवेचं यंत्र तिथंच, त्यामुळे ज्यांचं कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नाही असेही साहेबलोक दुपारी चपला बाहेर काढून आत येऊन बसत. सकाळी मी त्याच्यावर पिकांचे तक्ते करायची आणि दुपारनंतर महानंदा टँकरची यादी. कोणत्या गावाला किती खेपा, पाणी कुठल्या विहिरीवरून भरायचं, हे सगळं त्या यादीत असायचं. दर सोमवारी तिचा कागद निघाला की आठवडाभर टँकर त्याप्रमाणे पळत. महानंदा टायपिंगच्या वर्गातून आली होती. वडील शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, पाठचे दोन भाऊ शिकत होते. कॉम्प्युटर तिनं कधी पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मला काहीच येत न्हाई. पण मी लवकर शिकते. तू नुसतं एकदा दाखव." मी वही तिच्यापुढं ठेवली. ती रोज जेवायच्या सुट्टीत एकेक पान उतरवून घ्यायची. आम्ही भाकरी नि शेंगदाण्याची चटणी वाटून खायचो. मार्चमध्ये एक जागा कायम होणार होती, एकच, हे दोघींनाही माहीत होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

संक्रांत आली. सुगडांत घालायला ऊस नाही, हरभरा नाही, बोरं म्हणावीत तर नुसत्या बिया. तरी हळदीकुंकू व्हायचंच. आईनं वाण म्हणून प्लास्टिकचे मग आणले, पाणी बेतानं घ्यायला बरे म्हणून. अण्णांनी ते बघून डोळे मिटले. माझ्या मनात आलं, आपल्यालाही काही लुटता येईल. नांदेडच्या वर्गातल्या लातूरकर मुली आणि नव्या कचेऱ्यांतल्या, अशा नऊ मैत्रिणी येणार होत्या. सगळ्या कुठं ना कुठं कॉम्प्युटरशी झटत होत्या. मी वहीतले बारा उत्तम नुस्खे एका कागदावर सुवाच्य उतरवले, स्टँडसमोरच्या दुकानातून झेरॉक्स काढली आणि एकेका मगात एकेक सुरळी करून घातली. कोऱ्या ओळी अर्थातच गाळल्या. कागद कशाला वाया घालवायचा?

"वाणात कागद देत्यात का कुणी?" आई म्हणाली.

"लुटायचं ते वाण. मग काहीही असलं तर काय झालं?"

"देशील ते जपून दे बाई. वाण दिल्यावर परत घेता येत न्हाई."

मुलींनी मगापेक्षा कागदाचंच कौतुक केलं. मला फार बरं वाटलं. इतकं की आजही आठवलं तर थोडं बरं वाटतं, आणि लगेच लाज वाटते.

त्या बारांतला पहिला नुस्खा माझा सगळ्यात लाडका होता. एखाद्या फाईलच्या नावावर दुसरी फाईल उतरवायला गेलं की यंत्र थांबायचं आणि विचारायचं, या नावाची फाईल आधीच आहे, पुसून टाकू का? 'वाय' दाबलं की पुढं. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे. मग प्रोग्रामाच्या माथ्यावर 'सेट सेफ्टी ऑफ' एवढी एक ओळ घातली की विचारणं बंद, काम झरझर. बारावा नुस्खाही छान होता. संध्याकाळी यंत्र बंद करताना सगळ्या फाईली आपणहून फ्लॉपीवर उतरवणारी एक छोटीशी बॅच फाईल. विसरायची भीती नको. महानंदानं कागद नेला आणि दुसऱ्याच दिवशी हे दोन्ही आपल्या यादीला लावले. तिचं काम अर्ध्या वेळात होऊ लागलं. साहेबांनी तिला शाबासकी दिली, तेव्हा मला बारीकसा चटका बसला हेही सांगून टाकते.

दहाएक दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, ती आमच्या दारात उभी. आईनं अर्धा पेला पाणी दिलं, तिनं ते हातातच धरून ठेवलं.

"लीला, गावं गेली."

"कुठं गेली?"

"यादीतून. अहमदपूर तालुका तेवढा राहिलाय. बाकीचं सगळं गेलं."

"अगं, मग फ्लॉपीवरनं घे की."

"फ्लॉपीवर बी तेवढंच हाय."

उंबऱ्यातच मला सगळं कळलं. शुक्रवारी साहेबांनी एकाच तालुक्याची यादी वेगळी मागितली होती. ती करून झाल्यावर घाईत महानंदानं ती छोटी यादी सबंध जिल्ह्याच्या यादीच्या नावावर उतरवली. यंत्रानं विचारलं नाही. विचारू नकोस असं आपणच त्याला बजावून ठेवलेलं. मग संध्याकाळी बॅच फाईल इमानेइतबारे चालली आणि तिनं ती लंगडी यादी चांगल्या फ्लॉपीवर उतरवली. दोन्ही नुस्खे एकेकटे सोन्यासारखे होते. एकानं पुसलं आणि दुसऱ्यानं ते पुसलेलं जपून ठेवलं. महानंदा 'तुझा नुस्खा' असा शब्दही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "सोमवारी कागद निघाला न्हाई तर टँकर कुठं जातील? आणि मग मला कोण ठेवून घेतंय?"

मागच्या सोमवारचा कागद होता, पण त्या आठवड्यात गावं वाढली होती, खेपा बदलल्या होत्या, आणि अर्जांचं कपाट ज्या कारकुनाच्या ताब्यात होतं तो लग्नाला निघून गेलेला. ज्यांना ही गावं तोंडपाठ होती ते म्हणजे टँकरचे ड्रायव्हर. रविवारी सकाळी आम्ही दोघी गावाबाहेरच्या, टँकर भरायच्या विहिरीवर गेलो. इंजिनाची धडधड, पायपातून सांडणाऱ्या पाण्यावर टपलेल्या चिमण्या, आणि एक कळकट किटली फिरत असलेली. चाँदपाशा नावाचा ड्रायव्हर होता, पांढऱ्या दाढीचा. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इथं उभं राहून सांगितलं तर इसरेन बेटा. गाडीत बसा. रस्ता दिसला की गावं आपोआप याद येत्यात." तर आम्ही टँकरच्या केबिनमध्ये बसून निघालो. अण्णांना कळलं असतं तर प्लास्टिकच्या घागरी त्यांना गोड वाटल्या असत्या. चाँदपाशा एका हातानं गाडी हाकी आणि दुसऱ्या हातानं खिडकीतून बोट दाखवत सांगत जाई. ती टेकडी दिसती का, तिच्या मागं एक गाव, दोन खेपा. ह्या वळणावरनं आत गेलं की तीन, पण तिथला पूल कच्चा हाय, भरलेली गाडी न्यायची न्हाई. मी लिहून घेत होते, महानंदा जुन्या कागदावर खुणा करत होती. वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या टँकरांना तो हात करून थांबवी आणि त्यांच्याकडूनही वदवून घेई.

एका गावात त्यानं टँकर विहिरीच्या काठाला लावला. तिथं पाणी विहिरीत सोडायचे आणि मग बायका पोहऱ्यानं उपसायच्या. सगळं गाव भोवती जमलेलं. पायप विहिरीत सोडून तो चावीला हात लावून उभा राहिला आणि ओरडला, "सोडू का?" बायकांनी कालवा केला, सोड, सोड. त्यानं सोडलं नाही. पुन्हा विचारलं, "सोडू का?" मग एक म्हातारी काठाशी वाकून बघत म्हणाली, "थांब रं बाबा, पोरगं उतरलंय तळाला, गाळ काढायला." मुलगा वर येईस्तोवर तो उभाच राहिला, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग चावी फिरवली. गाडीत परत बसल्यावर मी म्हटलं, "चाचा, दर वेळेला तीनदा विचारता?"

"हाव. लोक चिडत्यात बी. पण सोडलेलं पाणी टाकीत परत चढतं का?"

महानंदा खिडकीबाहेर बघत होती. मी वहीत नजर घातली. त्यानं आम्हाला उद्देशून काही म्हटलेलं नव्हतं, आमच्या भानगडीतलं त्याला काय ठाऊक? तो पुढच्या गावाच्या खेपा सांगू लागला.

सोमवारी यादी निघाली. एक तांडा तेवढा राहून गेला. तिथं पाणी नेणारा ड्रायव्हर आजारी होता आणि आम्हाला वाटेत भेटला नव्हता. बुधवारी त्या तांड्यावरच्या आठ-दहा बाया रिकाम्या घागरी घेऊन थेट कचेरीत आल्या आणि काचेच्या खोलीपुढं पायऱ्यांवर बसल्या. दोन दिवस पाणी नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. साहेबांनी स्वतः उभं राहून टँकर पाठवला, मग यादी पुसली गेल्याचं महानंदाकडून ऐकलं, प्रोग्रामाचा कागद काढायला लावला आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. साहेब शांत माणूस होते, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"ही सेफ्टी बंद करायची ओळ कुणाची?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना, असलं काहीही झालं नाही. मला उत्तम बोलता येत होतं. 'माझी' एवढाच शब्द होता. मार्चमधली जागा माझ्या डोळ्यांपुढं उभी होती आणि मी पुरता विचार करून गप्प बसले. महानंदानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझा अंदाज घेतल्यासारखं नव्हे, मला तपासल्यासारखंही नव्हे, नुसतं पाहिलं.

"मीच घातली साहेब," ती म्हणाली. "दर खेपेला वाय दाबायचा कंटाळा आल्ता."

बाहेर माठापाशी मी तिला गाठलं. "असं का बोललीस?"

"मग काय बोलायचं होतं? दोघींला घालवलं असतं. एकीनं तरी ऱ्हावं."

"पण ती ओळ माझी होती, महानंदा."

"तुझी वही नसती तर मला दिवाळीतच घरी बसवलं असतं. हाव का न्हाई?" असं म्हणून ती तिच्या स्टुलावर जाऊन बसली. दुपार झाली होती, तिची पाळी होती.

घरी येऊन मी आईला अर्धीच गोष्ट सांगितली, की कागदात चूक गेली आहे आणि नऊच्या नऊ परत आणते. आई भाकरी थापता थापता थांबली. "वाण परत मागत्यात का कुठं? रथसप्तमीला अजून चार दिवस हायत. परत मागू नकोस, वर घाल." म्हणून मी तांबडं पेन आणि तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन घरोघर हिंडले. पहिल्या नुस्ख्यावर काट मारून खाली लिहायची, ही ओळ घालू नये, यंत्राला विचारू द्यावे. का, ते कुणी विचारलंच तर एखादी फाईल जाऊ शकते म्हणून सांगायची. कुणाची गेली ते सांगायची नाही. एकीनं तो कागद मगासकट देव्हाऱ्यात ठेवला होता. ती म्हणाली, "त्याला हळदकुंकू वाहिलंय, आता त्याच्यावर तांबडं पेन कशाला?" तिला पटवायला अर्धा तास गेला. महानंदाकडे शेवटी गेले. तिनं मुरमुऱ्यांचा गरम सुशीला करून पुढं ठेवला, वर खोबरं घातलं. मी पेन काढलं तशी म्हणाली, "माझ्या कागदावर लिवू नकोस. मला पाठ झालंय." मी सुशीला संपवला. चव अजून तोंडात आहे.

मार्चमध्ये जागा माझी झाली. महानंदाची रोजंदारी त्याच महिन्यात थांबली. कारण म्हणून कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, तशी गरजही नव्हती. अण्णांनी सबंध गल्लीत पेढे वाटले, पितळेच्या परातीत घालून. महानंदाचं पुढं कंधारला लग्न झालं, तिथं स्टँडजवळ तिनं टायपिंग नि झेरॉक्सचं दुकान थाटलं. मी कामानिमित्त दोनदा कंधारला गेले. एकदा तिच्याकडे चहा घेतला. तिनं मुलीच्या शाळेचं सांगितलं, मी बदल्यांचं.

माझं मात्र बरं चाललं. बदल्या होत गेल्या, यंत्रं बदलत गेली, एका वहीच्या सात झाल्या. नवीन लागलेली मुलं मला नुस्खेवाल्या मॅडम म्हणत आणि माझ्या पानांच्या झेरॉक्स काढून नेत. दुसऱ्या वहीपासून मी सरांच्या पद्धतीनं लिहू लागले. आधी बिघडलेलं, खाडाखोडीसकट. लोकांना तेच जास्त उपयोगी पडायचं. पहिल्या वहीतल्याही रिकाम्या जागा मी हळूहळू आठवून भरत आणल्या. फक्त त्या सेफ्टीच्या पानावरच्या चार ओळी राहिल्या. काय बिघडलं ते लिहायचं तर कुणाचं बिघडलं ते लिहावं लागलं असतं, आणि ते का लिहून ठेवलं नव्हतं तेही. हल्ली भाचा सांगतो की आता कुणी वह्या ठेवत नाही, विचारलं की यंत्रच नुस्खा पुढं टाकतं. मी त्याला विचारलं, काय बिघडलं होतं तेही सांगतं का? तो हसला.

गेल्या महिन्यात, संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी, हैदराबादहून एका मुलीचा फोन आला. "मावशी, मी महानंदाची मुलगी, सुप्रिया. आमच्या कंपनीत नवीन पोरांसाठी असेच छोटे छोटे नुस्खे गोळा करायलोय. आई म्हणती, सगळ्यात पहिली वही तुमच्याकडं हाय. तुमच्या वहीवरच मी शिकले म्हणती. बघायला मिळंल का?"

"आईनं अजून काय सांगितलं?" मी विचारलं.

"अजून काय? तुम्ही दोघी टँकरमध्ये बसून गावं हिंडला म्हणं. ते लई येळा सांगती. आई इथंच हाय, देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "सावकाश बोलू."

मग वही काढली. पिवळी पडली आहे, पण पुठ्ठा शाबूत आहे. ते पान उघडलं. वर 'काय बिघडलं', खाली चार कोऱ्या ओळी, त्यांच्याखाली माझं ते मोत्यासारखं अक्षर. पेन घेतलं आणि लिहिलं: ही ओळ घातल्यावर यंत्र विचारेनासे झाले आणि सबंध जिल्ह्याची टँकरची यादी पुसली गेली. एका तांड्याला दोन दिवस पाणी मिळाले नाही. ओळ माझी होती, साहेबांनी विचारले तेव्हा मी गप्प बसले. महानंदाने आपल्यावर घेतले, तिची नोकरी गेली, माझी राहिली. चार ओळी बरोबर पुरल्या.

त्यानंतर कंधारचा नंबर लावला, तर ती अजून हैदराबादलाच होती. तिथं लावला. "महानंदा, वही पाठवतेय. आधी एक वाचून दाखवते, ऐक," म्हटलं आणि चारही ओळी वाचल्या. पलीकडे लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

मग ती म्हणाली, "अक्षर चांगलं आलंय का?"

"न्हाई गं. हात कापतो आता. एका जागी खाडाखोड झालीय."

"ऱ्हाऊ दे तशीच," ती म्हणाली. "पाठव."